नावाड्याचा बंद फोन

फोन बंद होता, पण गरम होता.

"इथून सुरुवात झाली बघा," काका म्हणाले आणि त्यांनी हातातला टॉर्च विझवला. पायऱ्यांवर बसलेली पुतण्या-भाचरं आपोआप एकमेकांना चिकटली.

"काका, उगाच घाबरवू नका हं. ही मग रात्रभर मला झोपू देत नाही."

"मी? परवा पाल बघून पलंगावर कोण चढलं होतं गं?"

"भांडू नका. साध्या बॅटरीची गोष्ट आहे," काका म्हणाले. "माझ्या मित्राच्या मुलीची. गाडी तेवढी माझी होती."

मित्राची ही मुलगी कॉलेज संपवून नुकती कामाला लागली होती. नदीचं पाणी किती चढलं, किती उतरलं, ते मोजायचं काम. काठावर राहायला खोली मिळेना, म्हणून काकांनी आपली फिरतं घर केलेली गाडी तिला दिली. आत झोपायपुरता बाक, वीतभर ओटा, छतावर सोलरचे दोन पॅनल, बाकाखाली बॅटरी आणि भिंतीवर एक छोटासा मीटर. वीज किती येते आणि किती जाते, ते त्यावर दिसायचं. ओट्यावरून चमचा पडला तरी पोरगी दचकायची. घरात तिचं नावच दचकी पडलं होतं.

मग वादळ झालं. खांब आडवे झाले, पूल बंद झाला आणि काठावरच्या अख्ख्या वस्तीत वीज असलेली एकच जागा उरली, ती म्हणजे ही गाडी. पहिल्या दिवशी दोन फोन आले. चौथ्या दिवशी दाराशी रांग. शिंपीणबाईंचा फोन, मास्तरांचा रेडिओ, कुणा आजोबांचं कानाचं यंत्र. दचकी प्रत्येकावर चिकटपट्टी लावून कुणाचं ते लिहायची. आभाळ काही केल्या उघडत नव्हतं. वीज यायची ती थेंब थेंब. ही वायर काढ, ती खोच. "ताई, झाला का माझा?" "ताई, त्यांच्या आधी मी आलेय हं." बोलून बोलून तिचा घसा बसला, उभं राहून राहून पायांचे खांब झाले.

फोन बंद करून लावला की लवकर भरतो, ही युक्ती काकांचीच. ती प्रत्येक फोन आधी बंद करायची. हाताला सवयच लागली होती.

त्या चौथ्या दिवशी दुपारी नावाडी आला. पूल बंद, त्यामुळे पलीकडे जायला त्याचीच नाव. खिशातून त्याने बटणांचा जुनाट फोन काढला.

"ताई, यात आता जीव राहिला नाही. हिला पलीकडे दवाखान्यात ठेवलंय, दिवस भरलेत. आज फोन करते म्हणालीय. तेवढा चालू ठेवा. वाजला तर उचला आणि सांगा, उजाडताच पहिल्या फेरीला येतो." मग स्वतःशीच हसला. "आणि म्हणावं, मुलगी झाली तरी आपलं नाव बुडायचं नाही. नावाडी आहे मी!"

रांगेतली माणसं हसली. दचकीही हसली. हसता हसता तिने फोनवर चिकटपट्टी लावली, वायर खोचली... आणि सवयीने फोन बंद केला.

दिवे लागायच्या वेळी तो परत आला. खरं तर लागायला दिवे नव्हतेच.

"आला का हो फोन?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं. फोन फळीवर इतरांच्या शेजारी काळा होऊन पडला होता. खरं काय ते सांगायचं, तर माफी मागायची, समजवायचं, त्याचे दोन शब्द ऐकून घ्यायचे. तिच्या अंगात तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"नाही आला," ती म्हणाली.

खोटं थोडंच होतं? बंद फोनवर फोन येणार कुठून!

नावाडी नदीकडे वळला. "मग जाऊनच बघतो. जीव थाऱ्यावर नाही."

"अंधारात? दादा, पाणी चढलंय. मी मोजलंय."

"तुम्ही पाणी मोजता ताई, मी ओळखतो. फोन सकाळी नेतो."

तिला त्याला हाक मारायची होती. अगदी ओठांवर आली होती. तो उतारावरून खाली गेला आणि हाक ओठांवरच राहिली. रात्री काही चार्ज करायचं नाही, बॅटरी जपायची, असा काकांचा नियम होता. तिने एकेक करून सगळ्या वायरी उपसल्या. नावाड्याचा फोन जरा पाठ टेकून मग चालू करते, असं म्हणत ती बाकावर आडवी झाली, आणि मेल्यासारखी झोपली.

जाग आली ती मध्यरात्र उलटल्यावर. गाडीत मिट्ट काळोख. फक्त मीटर चमकत होता. बॅटरीतून वीज जात होती.

कुठे जाणार? पंखा राहिला असेल. पंखा बंद होता. पाण्याचा पंप? तोही बंद. वायरी सगळ्या फळीवर मोकळ्या पडलेल्या. तिने मेन खटका खाली ओढला. मीटर थेट बॅटरीवर, म्हणून तो चालूच राहणार, हे तिला माहीत होतं. पण आकडा तरी शून्य व्हायला हवा.

झाला नाही.

वीज जात होती. एकसारखी. कुठेच काही लावलेलं नसताना.

ती चाचपडत फळीपाशी गेली. फोनवरून हात फिरवला. शिंपीणबाईंचा गार. मास्तरांचा रेडिओ गार. पुढचा गार.

त्याच्या पुढचा...

फोन बंद होता, पण गरम होता. खूप वेळ कानाला लावून बोलल्यावर होतो, तसा.

तिने हात मागे घेतला. बाहेर नदीचा आवाज. दुसरं काही नाही. ती उभीच राहिली. किती वेळ, तिचं तिलाच कळलं नाही.

मग मीटरवर शून्य आलं. आपोआप.

आणि दारावर थाप पडली.

"ताई! अहो ताई, उघडा!" पंपघराचा रखवालदार होता. त्याने टॉर्च नदीकडे वळवला. "नाव लागलीय काठाला. रिकामी आहे."

"आणि दादा?"

रखवालदाराने मान हलवली. "माणसं शोधतायत. वल्ही आतच आहेत. तो..." मग हळूच म्हणाला, "बायकोला कळवायला हवं. नंबर त्याच्याच फोनमध्ये असणार."

"मी करते," दचकी म्हणाली. दुसरं कोण करणार होतं?

तिने फोन चालू केला. दुपारपासून अंधार पडेपर्यंत तो वायरीला होता, काठोकाठ भरलेला असायला हवा होता. एकच रेघ उरली होती. तीही उघडझाप करत होती.

नंबर सापडला. 'सौ.' एवढंच लिहिलं होतं.

घंटी वाजत राहिली. वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. काय बोलायचं? सुरुवात कुठून करायची? फोन मीच बंद केला होता, हे आधी सांगायचं की नंतर? तिसऱ्यांदा लावला.

एक घंटी. दुसरी.

मग खट्ट.

पलीकडे अर्धवट झोपेतला, दमलेला, सुखावलेला एका बाईचा आवाज.

"अहो, आता झोपू द्या की. एवढा वेळ तर बोललात. लेक आत्ता कुठे निजलीय... आणि तुम्ही आधी ते ओले कपडे बदला बघू."