नलूचं शेवटचं पान

त्या रविवारी मंडळाच्या हॉलची किल्ली माझ्याकडे नसती, तर अमरदीप मला भेटलाच नसता. भिलाईत, वैशाली नगरच्या आमच्या मराठी मंडळात रविवारी सकाळी मी मुलांना मराठी शिकवते. ही मुलं घरात आजीशी मराठी बोलतात आणि दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. वर्ग सुटला होता, मी कुलूप लावत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

“एक मिनट, मॅडम... मराठी शिकवणाऱ्या तुमीच का?”

उंच, सावळा, रेल्वेच्या शेडमधून ड्यूटी संपवून थेट आलेला. बोटांना ग्रीस आणि हातात मात्र स्वच्छ रुमालात बांधलेली वही. घर भिलाई-३ ला. वडील, भय्याजी, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या पेटीत ही वही निघाली. बावीस पानं आणि सगळी मिळून एकच कविता.

“मले वाचता सारं येते,” तो म्हणाला, “पण समजत नाही. बाबानं इतकी कठीण मराठी कावून लिहिली?”

हे दुखणं आमच्या भिलाईचंच. अक्षरं हिंदी शाळेतून येतात, बोलणं आईकडून येतं, आणि पुस्तकातली मराठी म्हणजे शेजाऱ्याचं घर; रोज समोरून जायचं, आत कधी जायचं नाही. भय्याजींना त्यांच्या बोलण्यावरून कधीतरी कोणी हसलं असावं. म्हणूनच त्यांनी अशी जड, शुद्ध कविता लिहिली, असं मला आजही वाटतं.

मग दर रविवारी वर्ग सुटला की हॉलच्या पायरीवर आमचा दुसरा वर्ग भरू लागला. तो वाचायचा, मी अर्थ सांगायची. गोष्ट शिवनाथ नदीच्या काठची. लहानू नावाडी, नलू गावच्या जमीनदाराची, म्हणजे मालगुजाराची लेक. ती पैलतीरावरच्या देवळात जायची, तो नाव वल्हवायचा, आणि सहा पानं झाली तरी दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हती. आम्ही मात्र पुष्कळ बोलत होतो. तो कागदात गरम मुंगोडी, म्हणजे मुगाची भजी, आणायचा. वहीला तेल लागेल म्हणून मी रागवायची, आणि मग तो वही दोन्ही हातांत उंच धरून म्हणायचा, आता मुंगोडी तुम्हीच भरवा. मी भरवली नाही... पहिले तीन रविवार.

“नलू दिसायले कशी होती?” एकदा त्याने विचारलं.

“पुढच्या पानावर आहे.”

“पान राहू द्या. चष्मा होता का तिले?”

मी चष्मा काढून उगाच पुसत बसले. त्या दिवशी आमचं एकच कडवं झालं.

खरं सांगायचं तर वही मी एका आठवड्यासाठी घरी नेली होती आणि शेवट आधीच वाचला होता. लहानू मालगुजाराच्या दारात नलूला मागायला जातो. मालगुजार लेकीला सगळ्यांसमोर विचारतो, तू याला ओळखतेस का? आणि मग शेवटचं पान. ते अमरदीपने स्वतःच्या तोंडाने वाचलं, एकेका शब्दाला अडखळत.

“उंबऱ्यात थिजली नलू, अधर न विलगले;
माघारी वळले पाऊल, पुन्हा ना परतले.”

वही मिटून तो माझ्याकडे पाहत राहिला. “मंग? नलूनं काय केलं?”

तो नलूबद्दल विचारत नव्हता, हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. मी खोटं बोलले. म्हणाले, नलू उंबरठ्यात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, मी याला ओळखते, मी याच्यासोबत जाते.

त्याने वही पुन्हा रुमालात बांधली. मग म्हणाला, “माय म्हणते, बाबा भित्रा होता. भित्रा मानूस असं लिहील का?” आणि थोड्या वेळाने, खाली बघत, “पुढच्या रविवारी मी पण येतो. तुमच्या घरी.”

खरं सांगायला ती वेळ होती. पण मी इतकी खूश होते की मी ती जाऊ दिली.

तो आला, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात. माझे बाबा, देवराव, भिलाईच्या स्टील प्लांटमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, शेडची चौकशी केली. मग आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. अमरदीपचं घर बौद्ध, आमचं देव्हाऱ्याचं. प्लांटच्या एकाच गेटातून दोन्हीकडची माणसं तीस वर्षं आत गेली, एका डब्यातून जेवलीसुद्धा. सोयरिकीचं नाव मात्र कोणी काढलं नव्हतं.

बाबांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नाही. त्यांनी मला हाक मारली आणि मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले.

“प्रांजली, तू ओळखतेस का याले?”

कवितेबद्दल घरात कोणाला माहीत नव्हतं. तरी प्रश्न तोच आला.

अमरदीपच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. जरासा हसतही होता. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं, मीच तर शिकवलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मी बोलले असते. पण ते घाबरले होते, आणि बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

तो थांबला. खूप थांबला. मग उठून हात जोडले, “येतो काका,” म्हणाला आणि गेला.

त्यानंतर मी दर रविवारी वर्ग सुटल्यावर पायरीवर बसून राहायची. त्याने बिलासपूरला बदली मागून घेतली, हे फार उशिरा कळलं. आणि मग एका रविवारी हॉल उघडताना दाराच्या कडीत घडी केलेला कागद दिसला. त्यावर शेवटचं पान त्याच्या अक्षरात उतरवलेलं होतं. एकेका शब्दाखाली पेन्सिलीने शब्दकोशातला अर्थ, आणि तळाशी त्याची स्वतःची मराठी.

“नलू दारात उभी राह्यली. काहीच बोलली नाही. लहानू वापस गेला. मंग तो कधीच नाही आला. मॅडम, अर्थ बरोबर आहे का?”

मुलं आत येऊन बसली होती. सवयीने मी लाल पेन काढलं आणि कागद पहिल्या ओळीपासून तपासला. एकही चूक नव्हती.