एक खुर्ची जास्तीची

ये, बस. ती खिडकीजवळची नको, ही घे. आणि कोट काढलास तर मांडीवरच ठेव, खुर्चीच्या पाठीला लावू नकोस. का ते सांगते. आज दुपारभर सगळं सांगायचंच आहे तुला. उद्यापासून हे टेबल तुझं.

ही वही घे. वर्षाच्या चारही ऋतूंचे कार्यक्रम हिच्यात आहेत. एकोणीस वर्षं मी या बर्च पॉइंट वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना रमवायचं काम केलं. लोकांना वाटतं, बिंगो लावला, कॉफी ओतली की झालं. करून बघा म्हणावं. उन्हाळा सोपा असतो. तळ्याकाठी खुर्च्या टाकल्या की माणसं आपोआप बोलायला लागतात. शरद ऋतूत ॲपल पाय भाजायचे, बसमधून रंगलेली झाडं दाखवून आणायची. खरी परीक्षा हिवाळ्यात. नोव्हेंबर ते एप्रिल दार उघडायची सोय नसते. माणसं जेवून खोलीत जातात ती दुसऱ्या दिवशीच्या जेवणालाच बाहेर येतात, आणि एखादं तर जेवणालाही येत नाही.

लेम्पीबाई त्यातल्या. लेम्पी कोस्की, एक्याण्णव वर्षांच्या. चार वर्षं इथे राहिल्या, पण माझ्या एकाही कार्यक्रमाला आल्या नाहीत. मी दारावर टकटक करून आमंत्रण द्यायची, त्या आतून म्हणायच्या, "आज नको गं, मार्लिस." गेल्या वर्षी तर खाणंही सोडल्यासारखं केलं होतं. मिलवॉकीतल्या मुलीने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, वसंतापर्यंत आईचं वजन वाढलं नाही तर मी तिला इकडे मिलवॉकीच्या मोठ्या नर्सिंग होममध्ये हलवणार. हे तळं सोडून दुसरीकडे गेल्या तर ही बाई महिनाभर जगणार नाही, हे मला कळत होतं. जीव तुटायचा माझा त्यांच्यासाठी.

तर गेल्या ऑक्टोबरात आमची हिवाळ्याची बैठक भरली. इथेच, या काचेच्या खोलीत. वाइनोकाका नेहमीसारखे पहिल्या रांगेत होते. सालमी आडनाव त्यांचं, जन्मभर खनिज वाहणाऱ्या बोटीवर काम केलेलं, जीभ कात्रीसारखी. मी कागदाचे बर्फकण कापण्याचा कार्यक्रम वाचून दाखवला तर म्हणाले, "पोरी, बालवाडी परत सुरू केलीस का? माझी मुलगी आजी झाली."

"मग तुम्हीच सुचवा, वाइनोकाका. नुसती नावं ठेवायला काय जातं?"

"बर्फ फुटायची पैज लाव. आमच्या गावात दर वर्षी असायची."

पैज तुला माहीतच असेल. तळं पक्कं गोठलं की मध्यावर एखादी वस्तू नेऊन ठेवायची. तिला दोरी बांधून दोरीचं टोक काठावरच्या घड्याळाला जोडायचं. वसंतात बर्फ फुटून वस्तू बुडाली की दोरी ओढली जाते आणि घड्याळ थांबतं. तो दिवस आणि ती वेळ ज्याने अचूक ओळखली तो जिंकला. जिंकणाऱ्याच्या आवडीचा केक करायचा ठरलं. माणसांना रोज खिडकीशी यायला निमित्त मिळणार होतं. मला कल्पना फारच आवडली.

वस्तू म्हणून मी खुर्ची निवडली. इथेच माझं चुकलं.

आपल्या तळघरात जुनं सामान पडलेलं असतं. माणसं जातात, नातेवाईक सामान नेत नाहीत. देखभालीचं काम बघणाऱ्या जेराल्डला मी म्हटलं, कुणाला नको असलेली एखादी लाकडी खुर्ची बघ. त्याने हिरव्या रंगाची, एका पायाला तार गुंडाळलेली खुर्ची काढली. जानेवारीत, बर्फ दोन फूट जाड झाल्यावर, घसरगाडीवर घालून ती तळ्याच्या मध्यावर नेऊन ठेवली. तोंड पलीकडच्या काठाकडे, पाठ आपल्याकडे. खुर्ची उलटी करून खाली चिकटवलेली नावाची पट्टी वाचायचं ना त्याला सुचलं, ना मला.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेम्पीबाई स्वतःहून बाहेर आल्या. वॉकर टेकत, अंगात निळा कोट. चार वर्षांत पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की हातातली किटली खाली ठेवायचं भान राहिलं नाही.

त्या काचेशी उभ्या राहून म्हणाल्या, "ती खुर्ची तळघरातून कुणी काढली?"

"मी काढायला लावली. का हो?"

"ओन्नीची आहे ती."

ओन्नी म्हणजे त्यांचा नवरा. पंचावन्न वर्षांपूर्वी एप्रिलच्या सुरुवातीला याच गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेला होता. स्टुलावर पाठ दुखते म्हणून स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन गेला. संध्याकाळी लोकांना बर्फावर खुर्ची सापडली, शेजारी कॉफीचा थर्मास. ओन्नी सापडला नाही. बर्फ फुटल्यावर तळं पालथं घातलं, तरी नाही. ती खुर्ची लेम्पीबाईंनी जन्मभर जपली, इथल्या खोलीत मावेना म्हणून नाव लावून तळघरात ठेवली, आणि मी ती उचलून पुन्हा त्याच बर्फावर ठेवली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "लेम्पीबाई, चुकलं माझं. आत्ताच्या आत्ता परत आणवते."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, तळ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "राहू दे. रिकामी कुठे आहे ती."

म्हातारपणी असं काही बोलतात माणसं. मी मनावर घेतलं नाही. बाई रोज दुपारी येऊन बसायला लागल्या. सूप प्यायच्या, निसूचे, म्हणजे वेलदोड्याच्या गोड पावाचे, दोन दोन तुकडे खायच्या. मार्चअखेर आठ पौंड वजन वाढलं. मुलीने फोनवर माझे आभार मानले. मला तेवढंच हवं होतं.

मात्र फेब्रुवारीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काचेशी बसणारी माणसं अधूनमधून हात हलवायची. तळ्याकडे बघून, ओळख दिल्यासारखा.

"कुणाला हात करताय, वाइनोकाका?"

"तो बसलाय ना, त्याला."

"रिकामी खुर्ची आहे ती."

"तुझ्या डोळ्यांवर चष्मा आहे, पोरी. आम्हालाही चष्म्यातून रिकामीच दिसते. काढला की दिसतो." मग माझ्याकडे बघून हसले. "काढून बघतेस?"

मी म्हटलं, मला कामं आहेत. मोतीबिंदू झालेले डोळे, पांढरा बर्फ, त्यावर एक गडद ठिपका. धूसर दिसलं की त्याचं माणूस होतं. अशी मी स्वतःची समजूत घातली. पण चष्मा काही काढला नाही.

खुर्चीचं तोंडही फिरत चाललं होतं. मार्चमध्ये ती अर्धी वळली आणि एप्रिलमध्ये सरळ आपल्याकडे तोंड करून उभी राहिली. जेराल्ड म्हणाला, बर्फ खालून सरकतो, त्याच्याबरोबर तीही वळते. असेल तसं.

बावीस एप्रिलला, दुपारी तीनच्या सुमाराला बर्फ फुटला. भर उन्हात. काचेच्या खोलीत अकरा जण कॉफी घेत होते. खुर्ची कलली, थोडा वेळ तशीच राहिली, मग खाली गेली. काठावरचं घड्याळ थांबलं. वाइनोकाकांनी दिवस बरोबर सांगितला होता, वेळेत दोन तासांचा फरक. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकटीच्याच वाजल्या.

अकराच्या अकरा जणांनी चष्मे काढून मांडीवर ठेवले होते. सगळे तळ्याच्या मध्याकडे बघत होते. मग सगळ्यांच्या माना हळूहळू वळायला लागल्या. एकाच वेगाने. तळ्यावरून धक्क्याकडे, धक्क्यावरून हिरवळीकडे, हिरवळीवरून या बाजूच्या दाराकडे. मला ओली हिरवळ दिसत होती. तिच्यावर काही नव्हतं.

"दार उघड, मार्लिस," लेम्पीबाई म्हणाल्या.

"बाहेर कुणी नाहीये हो."

"तू उघड. पंचावन्न वर्षं थांबले आहे मी..."

तू असतीस तर काय केलं असतंस? मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं. नव्या नवरीसारखी दिसत होती. दाराला आकड्यांचं कुलूप आहे, म्हाताऱ्यांनी एकटं बाहेर पडू नये म्हणून. मी चार आकडे दाबले आणि दार उघडून धरलं. गार हवा आत आली. तिला तळाच्या चिखलाचा वास होता, आणि भिजलेल्या लोकरीचा. मी दार लावून घेतलं.

लेम्पीबाई मान वर करून आपल्यासमोर बघत होत्या. हसत होत्या. मग ते हसू थोडं थोडं करत गेलं.

"मार्लिस..." आवाज अगदी खाली आला होता. "हा ओन्नी नाही."

"मग... कोण आहे?"

"मला नाही माहीत. कोट ओन्नीचा आहे अंगावर."

वाइनोकाका खाकरले आणि म्हणाले, "उभा आहे तो. त्याला खुर्ची द्या कुणीतरी."

मी दिली. तीच, खिडकीजवळची. तेव्हापासूनचा नियम आहे, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. कार्यक्रम कुठलाही असो, जितकी माणसं त्याहून एक खुर्ची जास्त. बोर्डाने विचारलं तर सांग, पाहुण्यांसाठी.

लेम्पीबाई त्यानंतरही रोज येत, पण खाणं पुन्हा कमी झालं. खिडकीजवळच्या खुर्चीसमोर बसून पुटपुटत. एकदा मी विचारलं, काय बोलता एवढं? म्हणाल्या, "ओन्नी कुठे आहे ते विचारते. याला माहीत असणार. कोट याच्याकडे आहे ना. पण सांगत नाही."

"सोडा ना, लेम्पीबाई. काय करायचंय आता?"

"मला जाऊन बसायचंय त्याच्याजवळ. दुसरं काय राहिलंय माझं?"

जूनमध्ये आपला युहान्नुस असतो, उन्हाळ्याच्या मध्याचा सण. तळ्याकाठी होळी पेटवतो, मासे भाजतो. नातवंडं, पतवंडं, सगळी कुटुंबं आली होती. घरातली एकूण एक खुर्ची बाहेर गेली, आणि माझ्या धांदलीत मी जास्तीची ठेवायला विसरले. दुपारी चार वाजता वाइनोकाकांनी माझी बाही ओढली. हनुवटीने लेम्पीबाईंच्या बाजूला खूण केली.

आपली बाकीची दहाच्या दहा माणसं चष्मे काढून लेम्पीबाईंच्या खुर्चीमागे बघत होती. मी खुर्ची आणायला धावले. पण त्याआधी लेम्पीबाई वॉकर धरून उठल्या होत्या. "बस बाबा," त्या म्हणाल्या. "दमला असशील."

मग वाकून त्यांनी कान पुढे केला, ऐकू न येणारी माणसं करतात तसा. मिनिटभर तशाच होत्या. सरळ झाल्या तेव्हा चेहरा शांत होता.

"सांगितलं त्याने," मला म्हणाल्या.

"काय सांगितलं?"

"उद्या सांगते तुला."

सकाळी त्या उठल्या नाहीत. एक्याण्णव वर्षांचं माणूस झोपेत गेलं तर कुणी प्रश्न विचारत नाही. डॉक्टरांनी विचारला नाही, मुलीनेही नाही. मुलीने सामान आवरताना एवढंच विचारलं, आईचा निळा कोट कुठे आहे? आम्ही कपाटं, धुलाईघर, तळघर, सगळं शोधलं. मिळाला नाही.

आठवड्याने चित्रकलेच्या तासाला वाइनोकाका माझ्या कानाशी आले. म्हणाले, "पोरी, आता त्याच्या अंगावरचा कोट निळा आहे." बस, एवढंच. तेव्हापासून मी माझा कोट गाडीत ठेवते, आणि तुला मांडीवर ठेवायला सांगितला.

दार मी उघडलं. लेम्पीबाई इथे राहाव्यात म्हणून मी काय काय केलं, आणि त्यांना घेऊन जाणाऱ्याला आत मीच घेतलं. हे मला खातं. ओन्नी त्यांना भेटला असेल, असं वाइनोकाका म्हणतात. माझ्या समाधानासाठी म्हणतात की खरंच, ते मी विचारलेलं नाही.

आणि मी जातेय ती त्या भीतीने नाही, काम मला अजून आवडतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, ऑपरेशन एप्रिलमध्ये. तोपर्यंत चष्म्यातूनही लांबचं धूसर दिसेल म्हणे, काळजी करू नका. मला इथे बसून धूसर बघायचं नाहीये.

म्हणून मुलाखतीत तुला मी चष्म्याचा नंबर विचारला होता, चष्म्यातून स्वच्छ दिसतं ना, हे बघायला. तुला वाटलं असेल, बाई विचित्र आहे.

तू आलीस तेव्हा त्या खिडकीजवळच्या खुर्चीचं तोंड तळ्याकडे होतं ना? मीच ठेवली होती तशी. आता आपल्याकडे झालंय. नाही, इतक्यात वळू नकोस. मघाशी पुसायला काढलेला चष्मा अजून तुझ्या हातातच आहे. आधी तो घाल.