उमैमा म्हणते…

नागुबाईच्या दारात मी पोचले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. किल्लारीच्या भूकंपाला तीन वर्षं होत आली होती आणि त्या पट्ट्यातल्या नव्या वसवलेल्या गावांमध्ये रोज कोणी ना कोणी कागद घेऊन यायचं. सरकारी पाहणी, संस्थेची पाहणी, कॉलेजची पाहणी. मी लातूरला एमएसडब्ल्यू करत होते. समाजकार्याच्या या शिक्षणात आठवड्यातले दोन दिवस गावात काढायचे असतात.

‘‘आता तू बी का?’’ नागुबाई कपाळाला हात लावून म्हणाली. ‘‘ये बाय. तुज्या आधी एक जन येऊन बसलाय.’’

खाटेवर एक सावळा मुलगा बसला होता. मांडीवर माझ्यासारखाच छापील कागद, कानावर पेन.

‘‘हे घर माझ्या वाटणीचं आहे,’’ मी म्हटलं.

‘‘माझ्याही,’’ तो म्हणाला. ‘‘कॉलेज वेगळं, घर एकच.’’

‘‘म्या धा येळा सांगितलं, कोन गेलं, कोन ऱ्हायलं,’’ नागुबाई म्हणाली. ‘‘आता न्हाई सांगत. तुमी दोघं एकमेकालाच इचारा. म्या भाकरी टाकते.’’

आणि त्या पठ्ठ्यानं खरंच पेन उघडलं.

‘‘नाव?’’

‘‘दिपाली मारोती सोनकांबळे.’’

‘‘गाव?’’

‘‘मुखेड.’’

‘‘वैवाहिक स्थिती?’’

‘‘तो प्रश्न खूप खाली आहे.’’

‘‘मधले सावकाश विचारतो,’’ तो म्हणाला, आणि कागदातून नजर वर केली. ‘‘रागावलात की तुमची डावी भुवई वर जाते, नाही का?’’

मग मीही सोडलं नाही. नाव सुगत, गाव मुरुड, व्यसन चहा. ‘‘अवलंबून असणाऱ्या व्यक्ती?’’ विचारलं, तर म्हणाला, ‘‘अजून तरी कोणी नाही…’’ चुलीपुढून नागुबाई खुदकन हसली आणि माझे कान तापले. त्या दिवशीचा माझा अहवाल फार वाईट झाला.

पुढं वर्षभर आम्ही त्या गावात भेटत राहिलो. एकाच एसटीनं जायचं, येताना मुद्दाम एक गाडी चुकवायची. पण कामही करत होतो. नागुबाईचा नवरा भूकंपात गेला, आणि नवं घर कसं कोण जाणे दिराच्या नावावर चढलं. आम्ही तिला धीर दिला, बचत गटात घेतलं, अर्ज लिहून दिले. दीर ढिम्म. एक दिवस नागुबाईच म्हणाली, ‘‘लेकरं हो, तुमी लई ग्वाड बोलता. पर घर काय ग्वाड बोलून मिळंना.’’

परतीच्या गाडीत सुगत नागुबाईचा अर्ज पुन्हा पुन्हा वाचत होता. मग म्हणाला, ‘‘एमएसडब्ल्यू झालं की मी वकिली करणार. नांदेडला. आपल्याला माणसाचं दुःख कळतं, दिपाली, पण कलम कळत नाही. दोन्ही एकाच माणसाला कळायला पाहिजे.’’

मला केवढा अभिमान वाटला! तेव्हा मला उमैमा माहीत नव्हती ना.

तो नांदेडला गेला. मी लातुरातच एका संस्थेत लागले. त्या दिवसांत लातुरात जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या आणि पाठीवर दप्तर घेतलेली पोरं. आमच्या घरमालकानं जिन्याखालची जागासुद्धा एका बारावीच्या मुलीला भाड्यानं दिली होती. तिच्या पाठांतराच्या गजरात मी रविवारची वाट बघायची, कारण रविवारी सुगत यायचा. आणि आल्या आल्या वर्गातल्या त्या उमैमाचं पुराण सुरू करायचा.

‘‘उमैमा म्हणते, वारसा हक्काचा पेपर सोपा असतो.’’

‘‘बरं.’’

‘‘उमैमानं सगळ्या नोट्स दिल्या. अक्षर काय आहे तिचं!’’

‘‘मोत्यासारखं असेल.’’

‘‘अगदी! तुला कसं माहीत?’’

आता काय सांगू, कसं माहीत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी मुळातच जळकी. लहानपणी आईनं शेजारणीच्या पोरीची वेणी घातली तरी मी माझी सोडून टाकायची. आणि इथं तर माझा माणूस मला एका शब्दानं ‘माझी’ म्हणत नव्हता आणि उमैमाच्या अक्षरावरून जीव ओवाळून टाकत होता.

अशात वर्ष गेलं आणि बाबांचा निरोप आला. बाबा मुखेडला प्राथमिक शाळेत गुरुजी. लातूरच्या एका क्लासवर फिजिक्स शिकवणाऱ्या सरांचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, चौकात त्याच्या फोटोचा फलक लागलेला. येत्या रविवारी बाबांना त्यांना होकार की नकार ते कळवायचं होतं. सुगत माझा मित्र आहे एवढंच मी घरी सांगितलं होतं. तो आणखी शिकतोय हे लपवून ठेवलं होतं. एक मास्टर डिग्री असून नोकरी न करता दुसरी करत बसलेला मुलगा कोणत्या बापाला चालेल?

सुगतला विचारावं, तर तोंड उघडेना. आधी मला उमैमा बघायची होती.

शनिवारी मी नांदेड गाठलं. तिचं घर देगलूर नाक्याकडं, वडिलांचं गाद्यांचं दुकान, एवढं सुगतच्याच बोलण्यातून कळलं होतं. पण कशाच्या नावाखाली जायचं? जे शिकले होते तेच केलं. संस्थेची फाईल काखेत मारली, चेहरा गंभीर केला आणि दार वाजवलं. मुलींच्या उच्च शिक्षणाची पाहणी!

उमैमा कॉलेजला गेली होती. तिच्या आईनं, सालेहा खालांनी, मला बसवलं. मी विचारत गेले. घरात माणसं किती? खोल्या किती? कमावतं कोण? मुलीचं वय? स्वभाव? प्रत्येक उत्तरागणिक त्यांचा चेहरा उजळत होता. मी शेवटी विचारलं, ‘‘लग्नानंतर मुलीनं शिकलेलं तुम्हाला चालेल का?’’

त्या ताडकन उठल्या. आत भांडी वाजली. डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आल्या तर हातात शेवयांची खीर, मागून खारी, बिस्किटं, काजू.

‘‘खाओ बेटा. लडकेवाले कहाँ के? औराद के क्या?’’

‘‘कोण लडकेवाले?’’

‘‘अब छुपाओ मत!’’ त्या हसल्या. ‘‘पिछले साल उदगीरवालों ने चूडीवाली को भेजे थे लडकी देखने. बहाना सब समझते हम.’’

माझ्या हातातला चमचा तिथंच थांबला. मुलाकडच्यांनी आधी कुणा परक्या बाईला काहीतरी निमित्तानं घर बघायला पाठवायचं, ही रीत आमच्याकडंही होतीच की! दोन वर्षं गृहभेटी शिकले, पण आपले प्रश्न आणि सोयरिकीचे प्रश्न एकच असतात हे कोणी शिकवलं नव्हतं. आता गुपचूप उठून जायचं, की नाही? पण मत्सर माणसाला गप्प बसू देतो थोडाच! मी विचारलं, ‘‘तुमच्या मुलीच्या मनात… कोणी आहे का?’’

‘‘हे मलाच विचारा की,’’ दारातून आवाज आला.

उमैमा सुंदर होती. नसती तर किती बरं झालं असतं. तिनं फाईलवरचं संस्थेचं नाव वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘लातूरच्या संस्थेची पाहणी नांदेडात? तू दिपाली. डावी भुवई वर गेलीय तुझी.’’

खाला आणखी खीर आणायला आत गेल्या. उमैमा माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘आहे. माझ्या मनात आहे. नोट्स काय मी साऱ्या वर्गाला देते का? एकदा बोलायच्या बेतात होते, तर त्यानं तुझंच नाव काढलं. लातूरची दिपाली अशी, लातूरची दिपाली तशी… लई राग यायचा तुझा.’’

‘‘मला तुझा यायचा,’’ मी म्हटलं. ‘‘अजून येऊन राहिलाय.’’

‘‘येऊ दे. मलाबी येतोय.’’ ती हसली, पण डोळे हसले नाहीत, आणि मला एकदम फार वाईट वाटलं. एवढ्यात आतून खालांनी विचारलं, ‘‘पसंद किए क्या?’’

‘‘नाही अम्मी,’’ उमैमा मोठ्यानं म्हणाली, ‘‘यांनी दुसरीकडं आधीच पसंत केलंय.’’ मग पुन्हा हळूच मला म्हणाली, ‘‘कॉलेजच्या वाचनालयात बसलाय तो. जा.’’

सुगत एका जाड पुस्तकात डोकं घालून बसला होता. मी पुस्तक मिटलं.

‘‘तू? इथं? कशी काय?’’

‘‘उद्या बाबा फिजिक्सवाल्या सरांना होकार देणार आहेत.’’

त्याचा चेहरा पडला. ‘‘कोण सर?’’

‘‘चौकात ज्यांचा फोटो आहे.’’

‘‘तो? टाय लावलेला?’’

‘‘टाय छान दिसतो त्यांना.’’

‘‘मला नाही दिसत छान!’’ वाचनालयातल्या माना वळल्या. त्यानं आवाज खाली आणला. ‘‘दिपाली, माझी अजून दोन वर्षं आहेत. हातात नोकरी नाही. कोणत्या तोंडानं विचारू तुला?’’

‘‘याच. मी सकाळपासून जळतेय, सुगत. त्या मुलीच्या घरी जाऊन खीर खाऊन आले मी, तुझ्यापायी. मला तू पाहिजेस. आता तरी बोल!’’

त्यानं पुस्तक बाजूला सारलं. मग म्हणाला, ‘‘मला तू नागुबाईच्या घरापासूनच पाहिजेस.’’ मी तिथंच रडले. वाचनालयाच्या शिपायानं आम्हाला बाहेर काढलं ते बरंच झालं, कारण मुखेडची गाडी गाठून बाबांना आजच विचारायचं होतं.

बाबा अंगणात पेपर वाचत होते. सुगतनं ‘जय भीम’ केला आणि वकिलाला शोभणार नाही असा अडखळत बोलला. ‘‘गुरुजी… माझं दिपालीवर… आमचं एकमेकांवर… मी एमएसडब्ल्यू केलंय. आता एलएलबी करतोय. दोन वर्षं राहिलीत. पण तुमची हरकत असेल तर मी सोडतो. सोमवारपासून नोकरी बघतो.’’

बाबांनी चष्मा काढला. ‘‘समाजकार्य करून वर वकिली? कशापायी?’’

सुगतनं नागुबाईचं घर सांगितलं. दीर सांगितला, चढलेलं नाव सांगितलं. बोलता बोलता त्याचं अडखळणं थांबलं. बाबांनी भिंतीवरच्या बॅरिस्टरांच्या फोटोकडं पाहिलं, मग माझ्याकडं वळले.

‘‘हे तू मला का न्हाई सांगितलंस?’’

‘‘तुम्ही म्हणाल, रिकामा आहे.’’

‘‘या घरात? वकिली शिकणाऱ्याला?’’ ते खरेच रागावले होते. मग सुगतला म्हणाले, ‘‘हे बघ पोरा, शिक्षण सोडलंस तर पोरगी न्हाई देणार. पूर्ण केलंस तर ती म्हणल तसं.’’

‘‘मी कधीचीच म्हणते आहे,’’ मी म्हटलं. कोणी लक्ष दिलं नाही. बाबांनी त्याला शेजारी बसवून घेतलं, आणि कुळकायदा काय, वारसा काय, दोघांचं जे सुरू झालं ते चहा गार झाला तरी संपेना. मी दाराला टेकून आता स्वतःच्या बापावर जळत होते.

रविवारी सकाळी त्याला नांदेडच्या गाडीत बसवायला गेले. खिडकीतून त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, ‘‘लातूरच्या कॉलेजात प्रवेश बदलून घेऊ का? तुला रोज भेटता येईल.’’

जीभ ‘हो’ म्हणायला वळवळली. नांदेडला त्याचे चांगले शिक्षक होते, त्याची लय लागली होती… आणि उमैमा होती.

‘‘वर्गात कुठं बसतोस?’’ मी विचारलं.

‘‘तिसऱ्या बाकावर.’’

‘‘आणि ती?’’

‘‘माझ्या मागं.’’

म्हणजे ती दिवसभर याला बघणार. याला तिच्या मागं बसवलं तर हा तिला बघणार. शेजारी तर नकोच नको. गाडी सुरू झाली, त्याचा हात सुटायला लागला, आणि माझं काही ठरेना.

‘‘कुठंही बस!’’ मी गाडीबरोबर चालत ओरडले. ‘‘मी जळत बसेन इकडं. पण पहिला नंबर आण. आणि नोट्स तिच्याच घे!’’