शेपटीची टिकली

अंधेरी पूर्वेला माझं गाड्यांच्या दिव्यांचं दुकान आहे. दुकानामागच्या गल्लीत एक भिंत आहे, तिच्यावर मी निळ्या रंगाच्या दोन आडव्या रेघा मारून ठेवल्यात. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची, दिवे लावायचे आणि उजेडाची वरची कड खालच्या रेघेच्या वर जाऊ द्यायची नाही. वर गेली की तो उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डोळे दिपले की माणूस तीनेक सेकंद आंधळा असतो. चाळीसच्या वेगात तीन सेकंद म्हणजे शंभर फुटांच्या वर. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि म्हणतं, "ते ठीक आहे शेठ, पण एकदम पांढरा पाहिजे. समोरचा बाजूला झाला पाहिजे." मग मी पांढरा बसवतो. गिऱ्हाइकाशी वाद घालून दुकान चालत नाही.

भिंतीची विद्या मला बाबांनी दिली. बाबांचं नाव राजाराम. ते आरे कॉलनीतल्या तबेल्यांना गवत पोचवणारा टेम्पो चालवायचे आणि आम्ही तिथल्याच तबेल्यांच्या एका युनिटच्या मागच्या खोलीत राहायचो. शेण, ओलं गवत आणि डिझेल यांचा मिळून जो वास होतो तो मला अजून घरचा वाटतो. दूध काचेच्या बाटलीतून यायचं, चंदेरी बुचाचं. ती बुचं मी साठवायचो आणि आई ती खिडकीला टांगायची, कावळे येऊ नयेत म्हणून. कावळे यायचेच.

त्या काळी मुंबईतल्या गाड्यांच्या दिव्यांवर मधोमध काळा ठिपका असायचा, चकाकी कमी व्हावी म्हणून. बाबा रविवारी ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन बसायचे आणि ओळखीतल्या गाड्यांना टिकल्या लावून द्यायचे. कंपास नाही, पुठ्ठा नाही, नुसत्या हाताने. टिकली गोल गरगरीत यायची, फक्त ब्रश उचलताना खाली एक बारीक शेपटी राहायची. त्या शेपटीवरून अख्ख्या आरेत कळायचं, ही राजारामची गाडी. आई चिडवायची, "पोराक कधी तीट लावल्यांनी नाय, गाडयेक लावतत!"

बाबांचे नियम दोन. पहिला, दिवेलागणीच्या आधीच दिवे लावायचे. आपल्याला दिसावं म्हणून नव्हे, आपण दिसावं म्हणून. दुसरा, समोरून गाडी आली की अप्परवरून डिप्परवर यायचं, म्हणजे उजेड खाली घ्यायचा. त्याने आधी डिप्पर मारला असेल, म्हणजे दिव्यांची उघडझाप केली असेल, तर ताबडतोब. "समोरचो डिप्पर मारता, म्हणजे तो हात जोडता," बाबा म्हणायचे. "हात जोडलेल्याक लाथ मारूची नाय."

नव्याण्णव सालच्या जानेवारीत ते गेले. आरेतल्याच रस्त्यावर, चिंचेच्या झाडापाशी जे वळण आहे तिथे, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास. टेम्पो सरळ झाडावर गेला होता. ब्रेक दाबल्याची खूण रस्त्यावर नव्हती.

आता आम्ही बोरीवलीत राहतो. आई आमच्याकडे असते. मुलगी मानसी बावीस वर्षांची, तिला मागच्या दिवाळीत पवईला नोकरी लागली. मी तिला सेकंडहँड गाडी घेऊन दिली आणि बापाचं प्रेम म्हणून दुकानातले सगळ्यात जबर दिवे तिला बसवले. परत येताना ती आरेतून येते. "तिथे बिबट्या फिरतो. अप्परवरच ठेव," मी तिला बजावलं. दिवसाला चार जणांना डिप्परचं प्रवचन देणारा मी, पोटच्या पोरीला हे सांगितलं. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं.

डिसेंबरात एकदा ती जेवताना म्हणाली, "बाबा, आरेत रोज एक खटारा टेम्पो भेटतो. पिवळे दिवे, एकदम म्हातारे. लांबूनच डिप्पर मारत बसतो यार, थांबतच नाही."

"मग तू खाली करतेस ना?"

"तूच तर म्हणालास अप्पर ठेव."

"कुठे भेटतो?"

"ते चिंचेचं झाड आहे ना, तिथल्या वळणावर. पावणेसातला असेल."

आई समोर बसली होती. तिने भाताचा घास उचलला होता, तो परत ताटात ठेवला. मला वाटलं, तिला ठसका लागला.

मी मनाची समजूत घातली. आरेत जुने टेम्पो पुष्कळ आहेत. तरी दुसऱ्या दिवशी मानसीच्या गाडीच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण दुकानात कॉम्प्युटरवर लावून बसलो. रस्ता दिसत होता, दोन्हीकडची झाडं, आमच्या दिव्यांचा दुधासारखा पांढरा उजेड. सहा चव्वेचाळीसला मानसी पुटपुटल्याचं ऐकू आलं, "आला, आला." रस्त्यावर काहीही नव्हतं. पण डावीकडचे बुंधे पिवळे झाले, काळे झाले, पुन्हा पिवळे झाले. दोनदा. मग तिसऱ्यांदा.

मी ते चित्र थांबवलं. उजेडाचंच काम करतो, तेव्हा सावल्या आधी पाहतो. बुंध्यांच्या सावल्या आमच्या गाडीकडे पडल्या होत्या. म्हणजे उजेड समोरून येत होता, मोकळ्या रस्त्यावरून.

मानसीला मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, चार दिवस हायवेने ये. ती माझीच मुलगी, हायवेच्या ट्रॅफिकला कंटाळून तिसऱ्याच दिवशी आरेत शिरली. घरी आली, चहा अर्धा ठेवला आणि म्हणाली, "आज तो अगदी बाजूने गेला. एक आजोबा चालवत होते. त्यांनी एक हात स्टिअरिंगवर ठेवला होता, दुसरा असा." तिने कोपर वर करून डोळे झाकून दाखवले. "त्यांना काहीच दिसत नव्हतं, बाबा. मला कसंतरीच झालं. आणि आवाज नाही रे टेम्पोला. इतका खटारा आणि आवाज नाही."

"तू काय केलंस?"

"काय करणार? मी घाबरले. दिवे खाली करायचं सुचलंच नाही. जवळजवळ कठड्याला घातली होती गाडी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पंचवीस वर्षं जी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, बायकोला नाही, आईला तर नाहीच, ती छातीवर येऊन बसली.

नव्याण्णवच्या त्या संध्याकाळी मी त्याच रस्त्यावर होतो. माझा मित्र केयूर याच्या जीपवर मी चार मोठे दिवे बसवले होते, माझं पहिलं काम. टिकल्या लावल्या नव्हत्या. आम्हाला त्या गावंढळ वाटायच्या. दिवे कसे पडतात ते बघायला आम्ही आरेत गेलो. जीप मी चालवत होतो. चिंचेच्या वळणाआधी समोरून एक टेम्पो आला. त्याने डिप्पर मारला, दोनदा. मग तिसऱ्यांदा. केयूर हसत म्हणाला, "राहू दे रे, बघू दे त्याला झकास!" आणि मी राहू दिलं. टेम्पो बाजूने गेला. टेप मोठ्याने चालू होता, मागचं काही ऐकू आलं नाही. आठ वाजता घरी आलो तर दारात माणसं उभी होती.

ते बाबाच होते असं नाही, त्या वेळी बरेच टेम्पो जातात, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की ते जवळजवळ खरं झालंय. पण टेम्पो बाजूने जाताना मी त्याच्या दिव्याकडे पाहिलं होतं. टिकलीला शेपटी होती.

आता त्याच वळणावर माझी मुलगी होती, मी बसवलेले दिवे घेऊन.

शनिवारी मानसीला घरी ठेवलं आणि तिची गाडी मी घेतली. पवईच्या बाजूने साडेसहाला आरेत शिरलो. थंडीतला तो वेळ मला फार आवडायचा. तबेल्यांचा धूर झाडांमध्ये आडवा पसरतो, म्हशी हंबरतात, सायकलवरून दुधाच्या किटल्या वाजत जातात. आता किटल्या नव्हत्या, डिलिव्हरीवाल्यांच्या बाइका होत्या. धूर मात्र तसाच होता. मी डिप्परवर चालवत होतो. चिंचेच्या वळणावरून गेलो, पुढे जाऊन वळून आलो, पुन्हा गेलो. समोरून बस आली, दोन रिक्षा आल्या. बाकी काही नाही.

पावणेसातला पाच कमी असताना मी परत पवईच्या टोकाला होतो. आता मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं. मला कळत होतं की तो डिप्परवाल्याला भेटत नाही.

मी अप्पर लावला.

झाडं पांढरी झाली. कॉलनी बुजून गेली, उरला तो बोगद्यासारखा रस्ता. मी चाळीसने जात होतो.

वळणावर पिवळा उजेड आला.

दोन दिवे. मधोमध काळं. विझले, लागले. विझले, लागले.

बोट डिप्परच्या दांड्यावर होतं. हलेना. एकवीस वर्षांच्या त्या पोराचंच बोट होतं ते.

तिसऱ्यांदा विझले, लागले.

मी उजेड खाली घेतला. मग तेवढ्याने भागेना, म्हणून दिवे बंदच केले आणि गाडी कडेला घेऊन थांबवली.

टेम्पो आला. हळू आला. आवाज नव्हता. काच खाली होती. ओल्या गवताचा वास आत शिरला आणि मला रडू फुटलं.

"बाबा," मी म्हणालो. "जीपमध्ये मीच होतो."

टेम्पो माझ्या खिडकीपाशी होता. चालवणाऱ्याने डोळ्यांवरचा हात खाली घेतला. अंधार होता, चेहरा मला दिसला नाही. त्यांना माझा दिसला असावा. ते थोडा वेळ थांबले.

मग मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. एक बस माझ्या मागे उभी होती आणि ड्रायव्हर ओरडत होता, "ओ साहेब, दिवे लावा ना! मरायचंय काय?" समोर रस्ता मोकळा होता. मी दिवे लावले आणि डिप्परवर घरी आलो. मन इतकं हलकं पंचवीस वर्षांत झालं नव्हतं.

रविवारी सकाळी मानसीने खालून हाक मारली. "बाबा, हे काय लावलंस? मस्त दिसतंय! एकदम व्हिंटेज!"

दोन्ही दिव्यांवर काळ्या टिकल्या होत्या. गोल गरगरीत. मी गुडघ्यावर बसलो. दोन्हींना खाली शेपटी होती.

मी अंगठ्याच्या नखाने खरवडून पाहिलं. नख काचेवरून घसरलं. ओल्या फडक्याने पुसलं, टिकली हलली नाही. मी ते दिवे स्वतः बसवलेत. ते कारखान्यातून बंद होऊन येतात, आत पाणी काय, हवासुद्धा जात नाही. टिकल्या काचेच्या आतल्या बाजूला होत्या.

मानसी फोटो काढून कुणाला तरी पाठवायला वर गेली. तेवढ्यात आई जिना उतरून आली. बहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, खाली सहसा येत नाही. तिने दिव्यावर हात ठेवला.

"लावल्यांनी शेवटी," ती म्हणाली.

"काय म्हणतेस, आई?"

"तू जीपगाडयेक मोठे दिवे लावलंस, ह्या त्यांका कोणीतरी सांगल्यान. त्या सांजेक डबो आणि ब्रश घेऊन तुकाच शोधूक भायर पडले. म्हणाले, झिलाच्या गाडयेक टिकली लावून येतंय, नायतर कोणाक तरी मारीत तो."

"तुला माहीत होतं?"

"घराकडे इलंस तेव्हाच तुझ्या तोंडार बघून कळला. आवस असंय मी." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "डबो मात्र गावलो नाय खय. टेम्पोत बघलंय, झाडाकडे बघलंय. नाय गावलो."

ती वर गेली. मी तिथेच बसून राहिलो. ऊन दिव्याच्या काचेवर आलं होतं, आणि मला आधी वाटलं डोळ्यांतल्या पाण्याने तसं दिसतंय. मी डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. बंद काचेच्या आत टिकलीची शेपटी हळूहळू खाली उतरत होती. रंग अजून ओला होता.