हसन मुकादमचा पुतळा

वृंदा नाखरेने संगणकावर अख्खं वीजकेंद्र उघडलं. खाडीच्या तळाशी बसून भरती-ओहोटीवर वीज तयार करणारं यंत्र. त्याचे सुटे भाग लाखोंनी, तरी चहाचा घोट घेईपर्यंत ते समोर उभं राहिलं.

हे काम 'चाळणी'चं. आराखडे करणाऱ्यांच्या सवयी बघून ही प्रणाली शिकत असे. हाताशी लागणारे भाग ती पूर्ण उघडत असे, बाकीच्यांची नुसती बाहेरची टरफलं दाखवी, आणि जे भाग सगळेजण बाजूला सारतात ते उघडतच नसे. त्यामुळे वर्षाची कामं महिन्यांवर आली होती.

"कुठलाही भाग दुसऱ्याला अडत नाही. मंजुरीस तयार," चाळणीने कळवलं. वृंदाने होकार दिला की दुपारी कारखान्यात पत्रा कापायला घेणार होते.

हसन मुकादम तिच्या मागे उभा होता. केंद्र बसल्यावर तळाच्या कोठडीत उतरून झडपा तपासायचं काम त्याचं. जो माणूस आत उतरणार, त्याची मापं घेऊन त्याचा पुतळा आराखड्यात उभा करायचा, अशी या कार्यालयाची रीत होती.

"मॅडम, माझा पुतळा दाखवा की. पोट जरा कमी केलंत ना?"

"पोट तुमचं, मुकादम. तुम्हीच कमी करा."

हसत वृंदाने कोठडी उघडली. ती रिकामी होती.

पुतळा सापडला तो 'अनावश्यक' भागांत. वृंदाच्या लगेच लक्षात आलं. बोटं, सांधे, कपड्यांच्या चुण्या यांमुळे पुतळा फार जड. तो असला की संगणक अडखळे. म्हणून काम सुरू करताना प्रत्येकजण, तीसुद्धा, आधी तो लपवत असे. चाळणी तेवढंच शिकली होती.

तिने बाकी केंद्राची टरफलं ठेवली; फक्त कोठडी आणि पुतळा पूर्ण उघडला. पडद्यावरचा हसन शिडीने उतरला, झडपेशी वाकला, परत वळला. पाठीवरची हवेची टाकी एका नळाला अडली. सगळं लाल झालं.

"म्हणजे मी आतच अडकलो असतो?" हसनने विचारलं.

"आता नाही अडकणार. आज पत्रा कापायचा नाही, साहेबांना मी सांगते."

साहेब फोनवर चिडले. वृंदाने ऐकून घेतलं आणि नळ पलीकडच्या भिंतीवर नेला. पुतळा वळला, शिडी चढून सुखरूप वर आला. हसनने सुटकेचा निःश्वास सोडला.

"माणूस कधीही लपवायचा नाही," तिने चाळणीला बजावलं. "वेळ लागला तरी चालेल."

"नियम नोंदवला. याच सवयीने मंजूर झालेले जुने आराखडे सापडले. त्यांतली काही केंद्रं चालू आहेत. एकात आत्ता तपासणी सुरू आहे. ते उघडू?"

वृंदाचा हात फोनकडे गेला. हसन पडद्यावर वाकला.

"कुठलं केंद्र, मॅडम? आत कोण उतरलंय?"