पायकुचीचं ओझं

दिवा बारीक करा आणि जवळ सरका. ही उगाच कुठेतरी ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या मावसभावाच्या, टँकोच्या बाबतीत घडलेली आहे.

अबुजा शहर वाढत वाढत आपल्या पायकुची गावावर आलं, तेव्हा टँको बुलडोझर चालवायचा. गाव त्यानंच पाडलं. आपण ग्बाग्यी लोक घरच्या माणसाला अंगणातच पुरतो. ती अंगणंही त्यानंच उकरली. 'मी इथला नाहीच,' असं त्यानं साहेबाला सांगून ठेवलं होतं. खरं बोलला असता तर नोकरी गेली असती, आणि नोकरीपुढे टँको बापालाही ओळख देणारा नव्हता. मला त्याचा अजून राग येतो.

जानेवारीतली अमावास्या, शुक्रवारची रात्र. हवेत धूळ भरलेली. यंत्रात राहिलेली किल्ली आणायला तो नव्या डांबरी रस्त्यानं निघाला. पूर्वी जिथे गावची विहीर होती, तिथे एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती.

"पोरा, जरा हात लाव. उचलत नाही मला."

"एवढं काय भरलंय, आजी?"

"घर आवरलं. तू कुणाचा रे?"

"मी इथला नाही."

"मग बरंच झालं. परका आहेस ना? घे डोक्यावर."

टँको मागे सरकला. आपल्यात ओझं खांद्यावर घेतात, डोक्यावर कुणी काडीही ठेवत नाही. पण आता बोलून बसला होता. त्यानं गाठोडं डोक्यावर घेतलं.

आत हाडं खडखडली.

"कुणाचा तू?"

"इथला... नाही."

ओझं वाढलं. मान कटकन वाजली. नाकातून रक्त आलं. हात गाठोड्याला चिकटले. पाय डांबरात रुतले.

"कुणाचा?"

हनुवटी छातीवर आदळली. दात तुटले.

"गिंबाचा," तो रक्त थुंकत म्हणाला. "विहिरीमागच्या गिंबाचा, आजी."

"मग आधी नाही का सांगायचं?" म्हातारीनं ओझं उचलून त्याच्या खांद्यावर ठेवलं.

खांदा मोडला.

सकाळी तो सापडला. जिवंत. त्याची मान तुम्ही पाहिलीच आहे. नोकरी गेली, पण आता कुणीही विचारलं की आधी बापाचं नाव सांगतो.

रस्त्यात तिथे घोटाभर खोल दोन पावलं आहेत. रस्तेवाल्यांनी तीनदा डांबर ओतलं, तरी बुजत नाहीत. टँकोच्या पायात त्या रात्री बूट होते, सकाळीही होते. पावलं मात्र अनवाणी आहेत. आणि पाच-सहा वर्षांच्या पोराची; त्या वयाचा टँको याच विहिरीवर अनवाणी खेळायचा.