चांगुणाच्या नावाची हाक

विमलला या व्यवहारात सात वर्षं मिळणार होती.

सोनं नाही, घर नाही, जमीन नाही. निव्वळ सात वर्षं. आणि तीही कोरी.

सोळा नोव्हेंबर एकोणीसशे पंच्याहत्तर, रविवार. नाशिक. द्वारका चौकाच्या मागची आमची वसाहत. दुपारचे साडेतीन. भुताखेताचं सगळं रात्री होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही वेळ ध्यानात ठेवावी. लख्ख उजेड होता. पन्नास माणसं जेवायला बसली होती. मी त्यात होतो.

नुसता होतो असं नाही. सुरुवात मीच करून दिली होती. म्हणून यातला एक शब्दही मी वाढवून सांगणार नाही, आणि कमीही नाही.

विमल माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठी. तिचे वडील कारभारी पगारे इगतपुरीला रेल्वेत गँगमन होते. विमल मॅट्रिकला शाळेत दुसरी आली. मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं. पण एकोणिसाव्या वर्षी तिला चांदवडच्या नाथाला देऊन टाकली.

नाथाला मूल हवं होतं. सात वर्षं वाट पाहिली, असं तो सांगायचा. वाट पाहता पाहता दुसरी पाहून ठेवली होती, ते सांगायचा नाही.

चौऱ्याहत्तरच्या मार्चात विमल एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आली. वय सव्वीस. दिसायची चाळीसची. डाव्या मनगटावर भाजल्याचा रुपयाएवढा डाग. तो कसा पडला, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

धाकटी चांगुणा तिच्याहून बरोबर सात वर्षांनी लहान. ती त्याच साली मॅट्रिक झाली. तिलाही मास्तरीणच व्हायचं होतं. नोव्हेंबरात कावीळ झाली आणि आठ दिवसांत पोर गेली.

मरणाची नोंद करायला कुणी गेलं नाही.

"नोंदवून काय परत येती का ती?" विमलची आई, माझी सुलामावशी म्हणाली.

कारभारीकाका आधीच वारले होते. मावशी विमलला घेऊन नाशिकला, आमच्या वसाहतीत आली. इथं त्यांना ओळखणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी तेव्हा कचेरीबाहेर झाडाखाली टाईपरायटर घेऊन बसायचो. लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. माणूस खरं कुठं बोलतो आणि रकाना कुठं भरतो, हे मला चेहऱ्यावरून कळायचं. फार हुशार समजायचो मी स्वतःला.

पंच्याहत्तरच्या जूनमध्ये विमल माझ्याकडे आली. अध्यापिका विद्यालयाचा फॉर्म तिच्या हातात होता. वयाची अट पंचवीस. ती सत्तावीसची.

"दोन वर्षांसाठी राहिलं बघ, भिक्या."

ती हसून म्हणाली. ते हसणं बघवत नव्हतं.

मी फॉर्म वाचला. मग विचारलं, "चांगुणाचा शाळा सोडल्याचा दाखला आहे का घरी?"

"ट्रंकेत आहे. का रे?"

मी फॉर्मवरच्या वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिला कळलं. ती खाली मान घालून फॉर्मच्या घड्या नीट करत बसली.

संध्याकाळी मावशीनं मला फैलावर घेतलं. "मेलेल्या लेकराचं नाव जित्यानं लावायचं? तुला काय वाटतं का नाय, भिका?"

"मावशी, तिला आता त्या नावाचा काय उपयोग?"

हे वाक्य माझं आहे. माझंच.

फॉर्म मी भरला. चांगुणा कारभारी पगारे, वय वीस, अविवाहित. चांदवडची सात वर्षं एका ओळीत पुसली गेली. नियम एकच घातला. घरात, दारात, नळावर, तिला चांगुणाच म्हणायचं. चुकूनसुद्धा विमल नाही. भिंतीवरचा चांगुणाचा फोटो मावशीनं उतरवून ट्रंकेत ठेवला.

शेजारच्या आक्काबाईनं विचारलं, "लेकी किती तुम्हाला?"

"दोन व्हत्या. थोरली गेली."

विमल शेजारीच तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा बाहेर टाकला.

पण सांगतो, ते पहिले तीन महिने पाहण्यासारखे होते. विमल दोन वेण्या घालायला लागली. खो-खोच्या संघात गेली. कुणाची तरी सायकल घेऊन पडत-झडत शिकली आणि गुडघा फोडून हसत घरी आली. चांदवडला ज्या वयात ती कांद्याच्या चाळीत पाट्या उचलत होती, ते वय ती आता जगून घेत होती.

"भिक्या," ती एकदा म्हणाली, "मला माहीतच नव्हतं रे, की मी एवढी हसते."

ऑगस्टमध्ये तिनं एक गंमत सांगितली.

"वर्गात हजेरी घेतात ना, बाई म्हणतात चांगुणा पगारे. मी 'हजर' म्हणायला तोंड उघडते…"

"मग?"

"त्याच्या आधीच कुणीतरी म्हणतं."

"टवाळ पोरी असतील."

"मी पण तेच म्हटलं."

मग ती वहीची पानं चाळायला लागली.

"आवाज माझ्याच बाकावरून येतो पण."

सप्टेंबरात मी स्वतः ऐकलं. मी आणि विमल दारात उभे होतो. ती मला खो-खोचं काहीतरी सांगत होती. मावशी ओसरीवर शिवण घेऊन बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मावशीनं वर न बघताच हाक मारली.

"चांगुणेऽ, सुई दे गं."

विमल वळली. पण त्याआधी…

आतून, स्वयंपाकघरातून आवाज आला.

"आले गं आई."

विमलचे ओठ मिटलेले होते. मी तिच्याकडेच बघत होतो.

मी आत गेलो. चूल थंड. मोरी कोरडी. मागचं दार आतून लावलेलं.

परत आलो तर मावशीच्या हातात सुई होती. तिनं ती ओवायलाही घेतली होती.

"कुणी दिली, मावशी?"

मावशी माझ्याकडे बघेना. तिचे डोळे भरले होते. पण चेहरा… चेहरा घाबरलेल्या माणसाचा नव्हता.

त्या दिवसापासून मावशी जास्तच हाका मारायला लागली. काम नसतानाही.

नोव्हेंबर आला. चांगुणाला जाऊन वर्ष झालं. मावशी हटून बसली, गेलेल्या पोरीच्या नावानं पुण्यानुमोदन झालंच पाहिजे, खीरदान झालंच पाहिजे. आता पंचाईत अशी, की वसाहतीला चांगुणा रोज डोळ्यांपुढं दिसत होती. मग कुणाचं करायचं?

सगळ्यांनीच परस्पर उत्तर काढलं. थोरलीचं असेल.

मावशीनं नाही म्हटलं नाही. मीही नाही. विमल म्हणाली, "असू दे ना. नावात काय आहे?" आणि खिरीसाठी दूध आणायला गेली.

तर सोळा तारीख. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लागल्या. वंदना झाली. मग बौद्धाचार्य उभे राहिले आणि त्यांनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं.

"कालकथित विमल कारभारी पगारे यांच्या स्मृतीस…"

पन्नास माणसांनी हात जोडले. दोन मिनिटं शांतता.

विमल दाराशी उभी होती. खिरीचं पातेलं घेऊन. तिनंही हात जोडायचे म्हणून पातेलं खाली ठेवलं.

त्या शांततेत आतल्या खोलीतून…

कुणीतरी बांगड्या भरत होतं. एक, दोन, तीन. सावकाश.

मग पंगत बसली. विमल पळी घेऊन पहिल्या ओळीत वाढायला आली. आक्काबाईपुढं उभी राहिली. वाकली. आक्काबाईनं वाटी पुढं केली नाही. ती मान उंचावून विमलच्या मागं बघत होती.

"अगं, वाढायला कुणी हाय का नाय?"

विमल तिच्यापासून हातभर अंतरावर होती.

"आक्काबाई, ही काय मी…"

आक्काबाई शेजारणीशी बोलायला लागली. विमल दुसऱ्या पानावर गेली. तिसऱ्या पानावर गेली. कुणी वाटी उचलेना. मला ती स्पष्ट दिसत होती. तिच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

"आई," ती म्हणाली. "आई गं."

मावशी चार पावलांवर होती. मावशीनं मान वळवली नाही.

मग मावशी अशीच, सहज, ओरडली. "चांगुणे, वाढ की गं!"

आणि आक्काबाई विमलकडे बघून हसली. "आलीस व्हय! कवाची बसलीय मी."

विमल परत वाकली. तिनं सगळ्यांना वाढलं.

पुढच्या आठवड्यात ती कचेरीबाहेर आली. माझ्यापुढं दोन गिऱ्हाईकं होती. एक त्या विद्यालयातलाच कारकून.

ती माझ्या स्टुलाजवळ वाकली. हळूच डावं मनगट पुढं केलं.

डाग नव्हता. कातडी कोवळी, सपाट.

"सकाळी बघितलं तर नाही," ती म्हणाली. "आणि भिक्या, नाथाच्या घराला दारं किती होती, ते मला आठवेना. सात वर्षं झाडलंय मी ते घर."

"बरंच झालं की मग. विसर."

"तसं नाही रे. मला एकदा विमल म्हण."

मी कारकुनाकडे बघितलं. तो कान देऊन होता.

"चांगुणा, घरी जा," मी म्हणालो. "संध्याकाळी येतो."

"एकदाच. कुणी म्हणतच नाही रे. हळू म्हण."

मी यंत्रात कागद घातला. दोन ओळी टाईप केल्या. काय टाईप केलं देव जाणे. वर बघितलं तेव्हा ती सरळ उभी होती. हसत होती. वेणी पुढं घेऊन तिची टोकं बोटानं उलगडत होती.

"बरं दादा. येते मी."

विमलनं मला जन्मात दादा म्हटलं नव्हतं.

मला दादा म्हणणारी एकच होती. वेणीची टोकं उलगडायची सवयही तिचीच.

मी संध्याकाळी गेलो. म्हणालो, "विमल." दहा वेळा म्हणालो. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "आई, दादाला ताप आहे का गं?" मावशी चुलीपुढं जाऊन बसली. फोटो परत भिंतीवर आला होता. फक्त आता त्यात विमल होती. तो फोटो कुणी काढला, कधी काढला, मला माहीत नाही. विमलचा फोटो आम्ही कधीच काढला नव्हता.

तरी मला वाटायचं, नाटक करत असेल. अंगवळणी पाडत असेल. मीच तर शिकवलं होतं.

फेब्रुवारीत द्वारकेला भर दुपारी मला आणि तिला नाथा भेटला. ट्रकमधून उतरला आणि थेट आमच्यासमोर. आता सगळं बाहेर पडणार.

नाथानं तिला नीट न्याहाळली.

"ही धाकटी ना? लय मोठी झाली. आन थोरली कशी हाय?"

सात वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिला तो विचारत होता.

मी तिच्याकडे बघितलं. चांदवडचं नाव निघालं तरी विमलची बोटं पदराकडे जायची. भीती लपत नसते, मी रोज माणसं वाचायचो. पण ती शांत उभी होती. डोळे स्वच्छ. अनोळखी पुरुषासमोर पोरी जरा मागं सरकतात, तेवढीच सरकली.

"दादा, हे कोण?"

नाथा हसला. मी "थोरली वारली" म्हणालो. तो "अरेरे" म्हणाला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा दोन मिनिटं उभा राहिला. मग कांद्याचा भाव सांगून गेला.

त्या क्षणी मला कळलं, की मी खोटं बोललो नाही.

ती पास झाली. नोकरी लागली. एकोणऐंशीला लग्न झालं, चांगलं घर मिळालं, मुलगा झाला. इगतपुरीच्या शाळेतल्या तिच्या वर्गाच्या गोष्टी ती सांगते. कोण कुठं बसायची, कुणाचं दप्तर पावसात वाहून गेलं. विमल त्या वर्षांत चांदवडला होती.

माणूस म्हणून ती फार चांगली आहे. माझ्यावर तिचा जीव आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्यात मावशी गेली. शेवटच्या दिवशी दुपारी मी आणि चांगुणा उशाशी होतो. मावशीनं डोळे उघडले. चांगुणाकडे बघितलं. मग तिच्यापलीकडे, दाराकडे.

"विमल," ती म्हणाली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी श्वास धरून बसलो. त्या घरात मेलेलं माणूस हाकेला ओ देतं, हे मी या कानांनी ऐकलेलं होतं. मी स्वयंपाकघराकडे बघत राहिलो.

"विमले… ये गं. चुकलं माझं."

चूल, मोरी, मागचं दार…

काहीच नाही.

मेलेली चांगुणा पहिल्या हाकेला यायची. विमल मात्र आली नाही. मग विमल मेलेली नाही का? आणि नसेल, तर ती आहे कुठं? पंगतीत उभी राहून कुणाला दिसत नव्हती, तशीच कुठं उभी आहे का? याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. भरल्या घरात एखाद्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायचं मी टाळतो.

मावशी संध्याकाळी गेली. विमल, विमल करतच.

नाथाचं यात काही गेलं नाही. त्याला चार मुलं आहेत. चांगुणानं काही मागितलं नव्हतं, तिला आम्ही बोलावलं आणि ती आली, तिला आयुष्य मिळालं. मावशीनं एक लेक देऊन एक घेतली आणि जाताना दिलेली परत मागितली. माझं म्हणाल तर एक शब्द वाचवला मी, कारकुनाच्या भीतीनं.

बाकी सगळं विमलनं भरलं. आधीची सात, पुढची सगळी, आणि ते तीन महिनेसुद्धा.